काढलेलं परत घालायचं नाही

विमानाच्या पंखाखाली, पेट्रोलच्या टाकीच्या तळाशी, करंगळीएवढा एक कॉक असतो. रोज सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी त्याच्याखाली काचेची बरणी धरायची, कॉक दाबायचा, अर्धा ग्लासभर पेट्रोल काढायचं आणि उजेडात धरून बघायचं. पाणी पेट्रोलपेक्षा जड. टाकीत पाणी असलं तर ते बरणीच्या तळाला जाऊन बसतं. पाणी दिसलं की निव्वळ पेट्रोल येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचं. आणि जे काढलं ते सगळं फेकून द्यायचं. पाणीही, पेट्रोलही.

यातलं शेवटचं वाक्य तेवढं मला दोन वर्षांत शिकता आलं नाही. बाकी सगळं शिकलो. आजही झोपेतून उठवून विचारा, त्या दोन माणसांच्या विमानाचा कुठला नट कुठल्या पान्यानं सुटतो ते सांगतो. पण त्या ज्ञानाला आता कोण विचारतंय!

मी तिथं गेलो तो माझ्या बापामुळे. लातूर जिल्हा झाला तेव्हा बा उदगीरच्या तहसील कचेरीत शिपाई होता. नव्या कलेक्टर कचेरीला माणसं पाहिजे होती, म्हणून त्याची बदली लातूरला झाली. आम्ही बिऱ्हाड घेऊन लातूरला आलो. तेव्हा गावात घरचं लग्न असल्यासारखं वातावरण होतं. जो तो म्हणायचा, आता जिल्हा झाला, आता काय कमी आहे! कचेऱ्यांना इमारती नव्हत्या, भाड्याच्या घरांत साहेब बसायचे. टेबलं-खुर्च्या लाकडी खोक्यांतून यायच्या आणि ती खोकी फोडायचं काम बाच्याकडे असायचं. तो वाकडे झालेले खिळे खिशात घालून घरी आणायचा आणि संध्याकाळी उंबऱ्यावर बसून दगडानं ठोकून सरळ करायचा. आमच्या घरात नवा खिळा कधी आलाच नाही. जिल्हा मात्र नवा आला, आणि त्याच्या मागोमाग दुष्काळ आला.

एके दिवशी बा कचेरीतून आला तो चप्पल न काढताच बोलायला लागला. "इमानतळ होनार हाय लातूरला. म्या सोता फाईल नेली."

"कुठून कुठं नेली?" मायनं विचारलं.

"ह्या टेबलावून त्या टेबलावर."

माय हसली. मी नाही हसलो. मी बारावी सायन्स पास होऊन रिकामा बसलो होतो, आणि रिकाम्या माणसाला कुठल्याही टेबलावरची फाईल खरी वाटते. बाचं गणित सोपं होतं. विमानतळ होणार, म्हणजे विमानं येणार. विमानं येणार, म्हणजे ती बिघडणार. बिघडली की दुरुस्त करणारा लागणार. "आपल्यातला पयला आसशील तू," तो म्हणाला. "लोकं मोटारीचा मेकॅनिक व्हतेत. तू इमानाचा हो." नांदेडच्या धावपट्टीच्या कडेला एक खाजगी संस्था विमानदुरुस्तीचं शिक्षण देते, हेही त्यानंच कुठल्याशा साहेबाच्या वर्तमानपत्रात वाचून काढलं होतं.

संस्था म्हणजे एक पत्र्याची शेड, एक फळा, उघडून ठेवलेलं एक मेलेलं इंजिन आणि एक जिवंत विमान. विमान शिकाऊ वैमानिकांसाठी होतं, ते सकाळी उडायचं. आम्ही त्याची निगा राखायची आणि केलेलं प्रत्येक काम वहीत लिहायचं. दोन वर्षांची वही भरली की सर शेवटचा दाखला देणार, आणि तो दाखला असला तरच लायसन्सच्या परीक्षेला बसता येणार. सगळं घोडं त्या एका सहीशी बांधलेलं होतं.

सर वायुदलातून निवृत्त झालेले, पुण्याकडचे. शिकणाऱ्या पोरांनाही 'तुम्ही' म्हणायचे. पहिल्यांदा मला वाटलं, काय मान देतो माणूस! नंतर कळलं, तो मान नव्हता. ज्याच्या हाती आपला जीव सोपवायचा आहे त्या माणसाशी अंतर ठेवूनच बोलावं, असा त्यांचा नियम होता. सुरुवातीला आम्ही पाच जण होतो. वर्षभरात तीन जण कंटाळून गेले. उरलो मी आणि किनवटकडचा एक जण. त्याचं गाव इस्लापूरजवळ, बारमाही ओढ्याच्या काठचं. त्याचं मराठी माझ्याहून वेगळं आणि हात माझ्याहून मंद. पण गडी निवांत होता.

पहिल्या सहा महिन्यांतच माझा मार खायचा तेवढा बाकी राहिला. नट सुटू नये म्हणून त्यातून एक पिन घालून तिचे पाय वाकवतात. नट काढायचा तर पिन काढावी लागते, आणि काढलेली पिन फेकून नवी घालायची. मी काय केलं? पिन चांगली होती हो! दगडावर ठेवली, ठोकून सरळ केली, परत घातली. बाच्या उंबऱ्यावर बसून शिकलेली विद्या.

सरांच्या नजरेतून ती सुटली नाही. ते ओरडले नाहीत. त्यांनी ती पिन काढायला लावली आणि म्हणाले, "वाकवा. आता सरळ करा. पुन्हा वाकवा." मी करत राहिलो. थोड्या वेळानं ती माझ्या बोटांत मोडली.

"ही कितव्या वेळी मोडणार, हे तुम्ही मला आधी सांगू शकला असता का?"

"नाही सर."

"म्हणून टाकायची." मग त्यांनी शेडच्या दारावर खडूनं लिहिलं, 'काढलेलं परत घालायचं नाही.' ते वाक्य शेवटपर्यंत तिथंच होतं. पाऊसच नव्हता, पुसणार कोण!

पिनेचं मला पटलं. पण पेट्रोलचं पटेना. पिन थकते, मोडते. पेट्रोलला काय होतंय? रोज सकाळी मी बरणी धरायचो. तळाशी, रात्रीच्या गारव्यानं टाकीत सुटलेलं, भुईमुगाच्या दाण्याएवढं पाणी असायचं, वर सगळं चोख पेट्रोल, आणि ते मातीत ओतायचं? माझा हातच उठायचा नाही. किनवटचा गडी मनगटाला एक झटका द्यायचा की बरणी रिकामी. त्याला काय, ओढ्याकाठचा माणूस, त्याच्या जन्मात फेकायला पाणी होतं. आमच्याकडे लातूरला टँकरची वाट बघत लोक घागरी रांगेत ठेवून जायचे. माय तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना वापरायची, भांड्यांचं पाणी फरशीला, आणि फरशी पुसलेलं पोतेरं शेवग्याच्या बुडाशी पिळायची. त्या घरातून मी आलो होतो. मला फेक म्हणणं म्हणजे भर बाजारात नागडा हो म्हणण्यासारखं होतं.

मग मी एक कॅन आणला. रोज बरणीतलं त्यात ओतायचं, शनिवारी पाणी खाली बसलं की अलगद वरचं पेट्रोल विमानाच्या टाकीत परत घालायचं आणि तळाचं दोन बोटं तेवढं टाकायचं. कॅन मी चिंध्यांच्या ढिगामागे ठेवायचो. लपवून नाही, असं मी स्वतःला सांगायचो. अरे, मग चिंध्यांच्या मागे कशाला ठेवत होतास, गाढवा?

किनवटच्या गड्यानं एकदा बघितलं. "काय करून राहिला तू हे?"

"काय न्हाई. वाया जातंय ते."

"जाऊ दे ना भाऊ. तुह्या बापाचं हाय का?"

त्यानं सरांना सांगितलं नाही. मी घरी सांगितलं, अभिमानानं. बा इतका खुलला की त्यानं कचेरीत चार जणांना सांगितलं, पोरगा सरकारी असो खाजगी असो, थेंब वाया घालत नाही. माय म्हणाली, "माह्याच पोटचं हाय ते."

दोन वर्षं भरत आली. येत्या शुक्रवारी सर दाखला लिहिणार होते. त्याच्या आधीच्या शनिवारी बाचा निरोप आला की उद्या विमानतळाची जागा बघायला मोठे साहेब येणार आहेत, तू ये, तुला दाखवतो त्यांना. माझ्या अंगात वारं शिरलं. लातूरची एसटी निघायला अर्धा तास होता. आठवड्याचा कॅन अजून रिकामा करायचा होता. तो मी नुकताच हलवला होता, पाणी खाली बसायला वेळ हवा होता. मी थांबलो नाही. रविवारी तसंही विमान उडायचं नाही. सगळाच्या सगळा कॅन टाकीत पालथा केला आणि स्टँडकडे पळालो.

रविवारी मी आणि बा गावाबाहेरच्या माळावर दिवसभर उभे होतो. बानं मला त्याचा धुतलेला सदरा घातला होता. चारी बाजूंना मुरूम आणि उन्हानं वाळलेली बोराटी. कोणी आलं नाही. संध्याकाळी बा म्हणाला, "कामं आसतेत साहेबलोकांना. फाईल मात्र चालू हाय." मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोललो असतो.

सोमवारी पहिली गाडी धरली, पण अहमदपूरच्या पुढं ती बंद पडली. धावपट्टीवर पोचलो तेव्हा इंजिन सुरू करायची वेळ झाली होती. विमानात एक डॉक्टरीणबाई पट्टा बांधून बसल्या होत्या. त्या विमान चालवायला शिकत होत्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा एकट्या उडणार होत्या. मी नव्हतो म्हणून पेट्रोल तपासायला सर स्वतः पंखाखाली वाकले होते.

ते उठले. त्यांच्या हातात बरणी होती आणि बरणीत अर्ध्यापर्यंत पाणी होतं. दाण्याएवढं नाही, आठवडाभराचं साठलेलं, अर्ध्यापर्यंत! सगळ्या मराठवाड्यात विहिरी आटल्या होत्या, लोक कोसाकोसावरून घागरी आणत होते, आणि पाणी सापडलं ते माझ्या विमानाच्या टाकीत.

"काय झालं सर?" बाईंनी वरून विचारलं.

"आज नाही. उतरा."

त्या उतरल्या. हिरमुसल्या होत्या. आपण कशातून उतरलो हे त्यांना कळलं नाही. मला मात्र ते सगळं दिसत होतं, धावपट्टी संपताना इंजिन खोकणार आणि बंद पडणार आणि खाली नदीकाठचे दगड. मी जाऊन सरांसमोर उभा राहिलो.

"मी घातलं सर."

"पाणी?"

"काढलेलं. परत."

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं."

सरांनी हातातली बरणी मातीत उपडी केली. मग टाकी पूर्ण रिकामी करायला सांगितली, आणि ते सगळं मी माझ्या हातानं मातीत ओतलं. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "चोरून विकत असता तर मला सोपं होतं. चोराला कळतं की आपण चोर आहोत. तुम्हाला मात्र वाटतं, आपण चांगलं काम करतोय. तरी तुम्ही न विचारता कबूल केलंत, हे मी विसरत नाही. शुक्रवारी बघू."

'बघू' म्हणाले, 'नाही' म्हणाले नाहीत. तेवढ्या एका शब्दावर मी चार दिवस काढले. किनवटचा गडी म्हणाला, "बापाले बोलाव. म्हाताऱ्या माणसाचं ऐकतेत ते." मी बाला कार्ड टाकलं. काय झालं ते लिहिलं, पण अर्धवट. पेट्रोलमध्ये माझ्याकडून जराशी चूक झाली, सर रागावलेत, तू ये.

शुक्रवारी बा आला तो कचेरीच्या कपड्यांत. पांढरा स्वच्छ ड्रेस, छातीवर आडवा पट्टा आणि पट्ट्यावर नव्या जिल्ह्याचा पितळी बिल्ला. बिल्ला राखेनं घासलेला दिसत होता. सरांनी त्याला खुर्ची दिली. बा खुर्चीच्या कडेवर टेकला. टेबलावर किनवटच्या गड्याचा दाखला सही होऊन पडला होता. त्याच्या शेजारी माझा, नाव लिहायचं सोडलेला.

बा असा कधी बोलला नव्हता. म्हणाला, "साहेब, म्या आयुष्यभर फायली वाहिल्या. आत काय लिवलंय ते मला कधी कोनी सांगितलं न्हाई. ह्यो पोरगा लिवनारा व्हावा, येवढंच हाय माझं. चुकला आसंल. मी त्याच्या वतीनं हात जोडतो. पुन्हा न्हाई व्हनार."

"मला एकच शब्द हवाय," सर म्हणाले. "जे काढलं ते काढलं. मोह झाला तरी परत घालणार नाही."

"माझी जबान हाय साहेब. त्याची बी आन माझी बी."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. खरंच सांगतो, त्या क्षणी मी मनापासून हलवली होती. सरांनी पेनचं टोपण काढलं आणि माझं नाव लिहायला सुरुवात केली. आडनाव आधी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लिहिता लिहिता ते सहज म्हणाले, "उन्हातून आलात. पाणी घ्या ना. माठ तिथं आहे."

बा उठला. कोपऱ्यातल्या माठातून त्यानं ग्लास भरून घेतला आणि मान मागे टाकून वरून प्यायला, ओठ न लावता. आमच्यातली जुनी माणसं परक्याच्या घरी अशीच पितात. का, ते इकडं कोणाला सांगायला लागत नाही. अर्धा ग्लास झाल्यावर त्याची तहान भागली. उरलेलं अर्धं पाणी त्यानं अलगद, एक थेंब बाहेर न सांडता, परत माठात ओतलं. वर झाकणी ठेवली, ती नीट बसली का बघितली, आणि येऊन खुर्चीच्या कडेवर बसला.

सरांचं पेन थांबलं होतं. ते माठाकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बघितलंत?"

"काय सर?" मी म्हणालो.

मला खरंच कळलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं आणि मला त्यात काही दिसलंच नव्हतं. सरांचा चेहरा उतरला, तो बघून मला कळलं. तोवर उशीर झाला होता. त्यांना जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मी दिलं होतं.

त्यांनी टोपण लावलं. "तुमच्या वडिलांचा दोष नाही," एवढंच ते म्हणाले. "तुमचाही नाही. पण माणसं बसतात हो त्यात." अर्धवट नाव लिहिलेला कागद त्यांनी खणात ठेवला आणि खण लावला. बा एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. त्याला वाटलं, सही नंतर होणार असेल. कचेरीत तसंच होतं. तो उठून तीनदा नमस्कार करून बाहेर आला आणि मला म्हणाला, "झालंच म्हन की!"

पुढे सांगण्यासारखं फार नाही. किनवटचा गडी लायसन्स घेऊन दूर कुठल्या कुठं गेला, काही वर्षं पत्रं आली. सर गेले, विमान गेलं, शेड बंद झाली. मी हातपंप दुरुस्त करणाऱ्यांच्या टोळीत लागलो आणि तिथंच म्हातारा होत आलो. हातपंपात जुनं वॉशर उलटं करून परत घालता येतं. मी घालतो. गावोगावचे सरपंच म्हणतात, असा काटकसरी माणूस बघितला नाही. मला शिवी दिल्यासारखं वाटतं, पण हात ऐकत नाही.

लातूरला विमानतळ झाला, बरीच वर्षं लोटल्यावर. निवृत्त झालेल्या बाला मी सायकलवर बसवून तारेच्या कुंपणापर्यंत नेलं. धावपट्टी रिकामी होती. तो म्हणाला, "बघ, फाईल खरी व्हती." मी हो म्हणालो.

दाखला का मिळाला नाही, याची बानं स्वतःची कारणं शोधून काढली होती. कधी म्हणायचा, साहेबाला मी आधी चहा पाजायला पाहिजे होता. कधी म्हणायचा, आपलं आडनाव लिहिलं आणि मग त्याला कळलं, म्हणून थांबला. मी त्याला तेच खरं समजू दिलं. एका सरळ माणसाच्या नावावर मी तेवढं पाप ठेवलं, कारण दुसरं जे खरं होतं ते बाला सांगायची माझी छाती नव्हती.

अलीकडच्या एका दुष्काळात बा अंथरुणाला खिळला. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तो शुद्धीवर होता. म्हणाला, "त्या दिशी साहेब लिवाय लागला व्हता. म्या बघितलं. मंग थांबला. माझ्या हातून काय चुकलं का रं?"

"न्हाई बा. तू लई चांगलं बोलला."

"मंग ठीक हाय."

त्यानं पाणी मागितलं. मी ग्लास भरून आणला, मानेखाली हात घालून त्याला उठवलं. त्यानं ग्लास वर धरला आणि वरूनच दोन घोट घेतले. आता स्वतःच्या घरातही तो तसाच प्यायचा. मग ग्लास माझ्याकडे दिला.

"वत माठात," म्हणाला.

मी ओतलं.